धैवतावरचा दम

पेटी शिकायला आलेल्या माणसाला मास्तर एकच प्रश्न विचारत. "कुठं अडलं?"

रोज बसता का, किती वेळ बसता, घरी पेटी आहे का, यातलं काही नाही. कुठं अडलं तेवढं सांगा. ज्याला सांगता यायचं तो आत. "कुठंच नाही मास्तर, सगळं बसलंय," म्हणणारा दारातूनच परत. "मग हितं काय काम हाय? अडलेलं घेऊन ये. बसलेलं घरी ठेव." पहिल्या महिन्यात मी अशी दोनदा जिना उतरले. मी निपाणीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. तेव्हा माझं वय छत्तीस होतं, शाळेतली पोरं मला टरकून असायची, आणि हा म्हातारा शिंपी मला गृहपाठ न केलेल्या मुलीसारखा बाहेर काढतो म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिसऱ्या वेळी मी वहीत लिहूनच नेलं: दुसरी ओळ, तिसरा शब्द, मधल्या बोटानंतर अंगठा खालून वेळेवर येत नाही. मास्तरांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आता कसं. दुखणं कुठं हाय ते कळलं तर औषध."

मास्तर गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्यावर कुठे दोन ओळी छापून आल्या नाहीत, येण्यासारखं त्यांनी काही केलंही नव्हतं. आयुष्यात त्यांनी कधी व्यासपीठावर बसून पेटी वाजवली नाही. सकाळी खाली दुकानात शिवण, संध्याकाळी वरच्या खोलीत शिकवणी. तयार कपडे आल्यापासून शिवणही फारसं उरलं नव्हतं. पँट आखूड करणं, ब्लाउज सैल करणं, म्हणजे मुख्यतः उसवणं. शेजारी पिठाची गिरणी होती. ती सुरू असली की खोलीची फरशी थरथरायची आणि पेटीच्या पट्ट्यांवर पिठाचा पातळ थर बसायचा. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "गिरणी पेटीच्या काळी दोनच्या सुरात चालत्या. बेसूर असती तर मीच खोली बदलली असती."

शिकवण्याच्या त्यांच्या काही खोडी होत्या. गाणं पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केलेली त्यांना खपायची नाही. जिथं अडतं तिथूनच सुरू करायचं, तेवढेच चार सूर घ्यायचे, ते जमले की मागचा एक आणि पुढचा एक जोडायचा. रोज उंबऱ्यापासून झाडायला सुरू करणाऱ्या बाईच्या घरात कोपऱ्यात काय साठलेलं असतं ते बघून ये, असं ते मला म्हणाले होते. तुमच्या घरात कोण झाडतं, असं मी विचारलं. त्यांची बायको जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. ते म्हणाले, "मीच. म्हणून सांगतोय."

चूक झाली की हात पट्टीवरून उचलायचा, गुडघ्यावर ठेवायचा, एक श्वास घ्यायचा आणि मग परत. चूक वाजवून तसंच पुढं जाणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. "चूक करून फुडं गेलीस की हाताला वाटतंय, ही बी एक वाट हाय. मग तो त्या वाटंनं रोज जातोय." वाजवायचं ते इतकं सावकाश, की चूक यायच्या आधी दिसली पाहिजे. आणि वीस मिनिटांवर बसायचं नाही. त्यांच्याकडे एक जुनं गजराचं घड्याळ होतं, ते वाजलं की कितीही रंगात आलेलं असो, थांबायचं. फक्त शेवटी एकदा ते अडलेलं बरोबर वाजवून उठायचं. हात शेवटचं जे केलं तेच धरून झोपतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन तास बसून आलेल्या एका कॉलेजातल्या मुलाला त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, तू पेटी वाजवली नाहीस, पेटी हाणलीस.

सगळ्यांत मोठी खोड म्हणजे ते आपल्याकडे पाठ करून शिकवत. नवा तुकडा एकदा स्वतः वाजवून दाखवायचे. आपण त्यांच्या हाताकडे बघायचं. मग पेटी आपल्यापुढे सरकवून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. भिंतीवर कापडाच्या एका दुकानाचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत, किंवा डोळे मिटून. "डोळं उघडं असलं की कान झोपतोय," हे त्यांचं कारण. आणि खरंच, पाठमोरे बसून ते सांगायचे, अंगठा जड पडला, भाता घाबरून मारतेस, आता मान खाली घातलीस. त्यांना पाठीला डोळे आहेत असं मुली म्हणायच्या. नव्हते, हे पुढे सगळ्यांनाच कळलं.

त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट निकामी होतं. लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जायचे, तिथं पोत्यांची थप्पी घसरली आणि ते बोट सापडलं. तेव्हापासून ते वाकलं नाही. पेटी वाजवताना ते बोट आपलं वर उभं राहायचं, काही लोक चहा पिताना करंगळी वर धरतात तसं. आता वरच्या सा पर्यंत सरळ चढत जायचं तर म वर अंगठा येतो, प आणि ध पुढच्या दोन बोटांनी होतात, आणि नी याच बोटाचा असतो. मास्तरांचं ते बोट मेलेलं. त्यामुळे मधल्या बोटाला ध सोडून नी वर उडी मारावी लागायची आणि मध्ये डोळा मिटावा एवढी फट पडायची. मास्तर त्या फटीला दम म्हणत. "धैवतावर जरा दम खायचा, मग निषादावर पाऊल टाकायचं." आपला दोष झाकण्यासाठी ते असं म्हणत नव्हते. चौदाव्या वर्षी पेटीला हात लावला तेव्हापासून त्यांचा हात तसाच चालत होता, दुसरा हात त्यांनी स्वतःकडून कधी ऐकलाच नव्हता. त्यांना ते संगीतच वाटायचं. आम्हालाही वाटायचं. गावात कुठेही भजनाला पेटीवाला धैवतावर थबकला की लोक ओळखायचे, हा मास्तरांचा.

शिकायला लागून तिसऱ्या वर्षी मी आणि दोन कॉलेजातल्या मुली बेळगावला पेटीची परीक्षा द्यायला गेलो. परीक्षक म्हणून धारवाडकडच्या एक वयस्क बाई होत्या, कानडी हेल असलेलं छान मराठी बोलायच्या. त्यांनी माझं ऐकलं आणि विचारलं, या बोटाला काही लागलंय का. मी नाही म्हटलं. मग पहिल्या मुलीला तेच विचारलं. दुसरीच्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "गुरुदक्षिणेत हेच बोट मागून घेतलं वाटतं तुमच्या मास्तरांनी." आम्ही तिघीही हसलो. त्या मनाने चांगल्या होत्या, आम्हाला पासही केलं.

माझ्या जिभेला हाड नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिना चढून गेले आणि चपला काढता काढता हा किस्सा मास्तरांना रंगवून सांगितला, परीक्षक बाईंच्या आवाजासकट. वाटलं होतं, हसतील. ते म्हणाले, "वाजव." मी पेटी ओढली. ते नेहमीसारखे भिंतीकडे वळले नाहीत. माझ्यासमोर येऊन बसले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी सारेगम चढत गेले, धैवतावर दम घेतला. ते म्हणाले, "पुन्हा." मग आणखी एकदा. मग त्यांनी आपला उजवा हात माझ्या हाताशेजारी पेटीवर ठेवला. दोन्ही हातांचं तेच बोट वर उभं होतं.

"म्या कवा सांगितलं तुला, हे बोट वर धर म्हणून?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं नाही मास्तर. तुम्ही दाखवलं."

त्या आठवड्यात त्यांनी एकेकाला बोलावून समोर बसून हात बघितले. अकरा जण होते, अकराही जणांचं बोट वर. नंतर आठ दिवस वरच्या खोलीला कुलूप. मी रोज शाळेतून येताना दुकानापुढून जायची. मास्तर मान खाली घालून कुणाची तरी पँट उसवत बसलेले असायचे आणि मला बघून न बघितल्यासारखं करायचे. ती गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगितली असती तर, असं मला त्या दिवसांत फार वाटलं. अजूनही वाटतं.

नवव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणत, पण एकेरीत. "बाई, तुला आधी उसवायला पायजे," म्हणाले. "माझ्या हातानं बरोबर दावता येणार न्हाय. ते बोट मेलंय. तुझा हात नीट झाला की तू दाव, मी बघतो." जेवढ्यांना त्यांनी आजवर शिकवलं होतं, त्या सगळ्यांचा हात त्यांना दुरुस्त करायचा होता. मी म्हटलं, बहुतेकांनी कधीच सोडलं असेल. ते म्हणाले, त्यांनी सोडलं असेल, हातानं सोडलेलं नसतंय.

शिकण्यापेक्षा विसरणं किती अवघड, ते मला त्या दोन महिन्यांत कळलं. मास्तरांनी मला फक्त चार सूर दिले: म, प, ध, नी. पहिले आठ दिवस तर भाता मारायलाच बंदी. आवाज नाही, नुसती बोटं पट्ट्यांवर, एकेक करून, बोट खाली गेलेलं डोळ्यांनी बघत. मग एका श्वासाएवढा भाता. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. बसमध्ये, शाळेत परीक्षेच्या वेळी वर्गात फेऱ्या मारताना, मी मांडीवर बोटं चालवायची आणि मनात सूर म्हणायची. एका रविवारी मला धीर निघेना म्हणून घरी दोन तास बसले. सोमवारी नुसते चार सूर वाजवले तर भिंतीकडून आवाज आला, "काल लई राबलीस. बोट रुसलंय." घाईने उसवलं की कापड फाटतं, एवढं बोलून त्यांनी मला दोन दिवसांची सुट्टी दिली.

मग एक दुपार आली. लाइट गेली होती म्हणून गिरणी बंद होती, सगळं शांत होतं. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म प ध नी सां वाजवलं आणि ते एकसारखं, सलग निघालं. फट नाही, उडी नाही. मला स्वतःलाच ते परक्याचं वाटलं. माझंच चुकलं असावं म्हणून मी हात गुडघ्यावर ठेवला.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले. मी वाजवलं.

"असंच वाजवायची ती."

कोण, असं मी विचारलं नाही. त्यांना एकच मुलगी, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बेळगावात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, नवरा, एक मुलगा. दिवाळीला यायची, आई आजारी होती तेव्हा महिनाभर येऊन राहिली होती. पण वरच्या खोलीचा जिना ती चढत नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं. ते मास्तरांनी त्या दिवशी सांगितलं, माझ्याकडे पाठ करूनच, पाच-सहा वाक्यांत.

ती लहानपणापासून पेटी वाजवायची, आणि धैवतावर दम घ्यायची नाही. मास्तरांना वाटायचं, पोर पळते. बाकीच्यांना वीस मिनिटांचा गजर होता, तिला गजर नव्हता. आपली पोर म्हणून सारी संध्याकाळ एका जागेवर बसवायचे. खालून आई जेवायला हाका मारायची. पोर ध नी, ध नी वाजवत राहायची आणि हे भिंतीकडे बघून म्हणत राहायचे, दम कुठं हाय? ती दहावीत असताना एक दिवस चारचौघांच्या देखत ते म्हणाले, तुझ्या हातात पेटी न्हाय, ऊठ. ती उठली. त्यानंतर तिनं पेटीला हात लावला नाही.

"ती सगळी बोटं वापरत हुती," मास्तर म्हणाले. "तिनं माझा हात बघितलाच न्हाय. पेटी बघितली. आनि मी तिला उठवलं." मग म्हणाले, "तिला सांगायला पायजे."

सांगायला पाहिजे म्हणाले खरं, पण सुरुवात केली दुसरीकडून. शिलाईच्या मापांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी विद्यार्थ्यांची नावं लिहून काढली. दर रविवारी आम्ही दोघं बसने निघायचो, माझी पेटी माझ्या मांडीवर. मी गणिताची बाई, यादीचा क्रम माझ्या लगेच लक्षात आला. बेळगाव सगळ्यांत खाली होतं.

चिकोडीला एक बाई होत्या, कोर्टात टायपिस्ट. आठ वर्षांत पेटीला हात लागला नव्हता, तरी बोट वर उभं राहिलं ते राहिलंच. मी दाखवलं, मास्तरांनी त्यांच्यासमोर बसून बघितलं, आणि उठताना हात जोडून म्हणाले, माझं चुकलं. त्या बाई एवढ्या गडबडल्या की त्यांनी मास्तरांचे पायच धरले. मग डोळे पुसून म्हणाल्या, कशाला एवढ्या उन्हातनं आलासा, व्हिडिओ पाठवायचा की. मास्तर म्हणाले, व्हिडिओत तुला बाईचा हात दिसेल, मला तुझा हात कसा दिसायचा?

प्रत्येक घरी ते हात जोडायचे. प्रत्येक वेळी मी खिडकीबाहेर बघायची.

मच्छेला मात्र वेगळंच झालं. तिथला त्यांचा विद्यार्थी शेतकरी घरचा, आता कारखान्यात कामाला आणि गावच्या भजनी मंडळात पेटीवर. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बोट खाली टाकून बघितलं, आणि मान हलवली. "न्हाय जमायचं मास्तर. त्या दमावर आमचं भजन चालतंय. टाळकरी थांबत्यात तितं. मी सरळ गेलो तर बारा माणसं चुकत्यात." त्यानं शेजारून दोघांना टाळ घेऊन बोलावलं आणि वाजवून दाखवलं. खरंच, धैवतावर पेटी थबकली की टाळ हवेत थांबायचे आणि निषादावर एकदम पडायचे. छान वाटायचं ते, खोटं कशाला बोलू. मास्तरांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. पण नवीन पोरांना दावताना सांग, हे आमच्या मास्तराचं बोट मोडलंतं म्हणून असं हाय."

मच्छेहून निपाणीला यायचं तर बेळगाववरूनच यावं लागतं. दुपारचे अडीच वाजले होते. बेळगावच्या स्टँडवरून त्यांच्या मुलीचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. मास्तर मान खाली घालून निपाणीच्या गाडीत चढले. "आज उशीर झाला," म्हणाले. असं तिसऱ्यांदा होत होतं. वाटेत हत्तरगी मागे पडली. मग मला राहवलं नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "कुठं अडलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अडलेल्या जागेपासनं सुरू करायचं म्हणता. आणि आपण दोन महिने पहिल्यापासनं वाजवत बसलोय."

निपाणीला उतरताना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या ऐतवारी सकाळची गाडी धरू."

मुलीनं, म्हणजे आक्कांनी, उप्पीट केलं होतं. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, डोळे थेट वडिलांचे. नवरा आणि मुलगा बाहेर गेले होते. पेटी बघून त्यांनी काही विचारलं नाही, ती दारामागे ठेवायला मला जागा करून दिली. मास्तरांनी बसायच्या आधीच, उभ्याउभ्या सांगून टाकलं. "तू बरोबर वाजवत हुतीस. चूक माझी हुती. मला ऐकू आलं न्हाय."

आक्का ताटल्या पुसत होत्या. त्यांनी हातातली ताटली पुसून खाली ठेवली.

"मला ठावं हुतं आप्पा," त्या म्हणाल्या. "तवाच ठावं हुतं. तुमचं बोट मोडकं हाय म्हणून तुम्ही थांबता, हे मला दिसत हुतं. तुम्हाला कसं सांगायचं? आनि तुमच्यासारखं थांबले असते तर तुम्हाला वेडावून दाखवल्यासारखं झालं असतं. मला ते करवंना."

मास्तर खाली बसले. आपल्या व्यंगाची नक्कल करायला पोर तयार झाली नाही, म्हणून तिला त्यांनी पेटीवरून उठवलं होतं. इतकी वर्षं त्यांना ते माहीत नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण जायला दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघरच, आणि तिथं आक्का उभ्या होत्या.

"आता हे घेऊन मी काय करू आप्पा?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता मी पन्नाशीला आले." मास्तरांनी हात जोडायला वर उचलले, तर आक्कांनी पुढे होऊन ते धरले आणि खाली केले, आणि त्या हातात उप्पिटाची ताटली दिली. आम्ही तिघांनी खाल्लं. पावसाचं, मुलाच्या इंजिनिअरिंगचं बोलणं झालं. निघताना मी पेटी उचलायला गेले तर आक्का म्हणाल्या, जड हाय, कशाला नेता, पुढच्या वेळी न्या.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. शनिवारी तुमची शाळा सकाळची असते ना, दुपारी येऊ शकाल का, आणि आप्पांना सांगू नका. मी गेले. आक्कांची बोटं ताठरली होती, भाता आणि हात यांचा मेळ बसत नव्हता, पण चढताना ते चौथं बोट न सांगता आपल्या जागी पडत होतं. आप्पांना का सांगायचं नाही, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना ऐकवायचं म्हणून बसले की परत तीच परीक्षा. जरा माझं मला होऊ दे. संक्रांतीला निपाणीला जाईन, तवा वाजवीन." मी शब्द दिला.

तीन महिने मी एक शनिवार सोडून एक जात होते. मास्तर अधूनमधून विचारायचे, पोरीकडं गेलतीस? मी नाही म्हणायची. मला खोटं बोलता येत नाही, वर्गातली पोरंसुद्धा पकडतात. थंडी सुरू झाली तसा मास्तरांना दम्याचा त्रास वाढला. शिकवणी बंद झाली, मी नुसतीच बसायला जायची. एके दिवशी ते दुकानात एका शाळेच्या गणवेशाची शिवण उसवत होते. वर न बघता म्हणाले, "तुझी पेटी तुझ्या घरात न्हाय. हातावरनं कळतंय मला."

त्यांनी ब्लेडने एकेक टाका तोडला, धागा ओढून काढला.

"शनवारी जातीस तवा एक कर," म्हणाले. "पुढं वाजव म्हणून तिच्या मागं लागू नको. ती थकली की तिला उठू दे. मी तिला उठू दिलं न्हाय."

त्यानंतर दहा दिवसांनी, दुकानातच, दुपारी ते गेले. संक्रांतीला अजून तीन आठवडे होते.

सगळं आटोपल्यावर मी बेळगावला गेले आणि आक्कांना सांगितलं की आप्पांना कळलं होतं, आणि ते काय म्हणाले तेही. त्या पेटीजवळ खाली बसल्या. कधी म्हणाले, किती वाजता, बसून म्हणाले की झोपून, सगळं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, अजून काय म्हणाले? मी म्हटलं, एवढंच. त्यांनी चहा केला, आम्ही प्यायलो, आणि कप उचलताना त्यांनी परत विचारलं, माझ्याकडून काही राहून गेलं असेल असं धरून. मी दाराशी चपला घालत होते तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. मला तेव्हा काहीतरी रचून सांगता आलं असतं. तुमचं वाजवणं ऐकायचं होतं म्हणाले, असं सांगितलं असतं तर ते खरंही असतं. पण ते तसं म्हणाले नव्हते.

"एवढंच म्हणाले आक्का," मी म्हटलं.